हौशीरामचं ऑस्ट्रियन तिकीट

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार
रिटायर होऊन सहा महिने झाले. पस्तीस वर्षं पोस्टात तिकिटं विकली, आता ओळखायची. विषय पक्का: जुनी ऑस्ट्रियन तिकिटं, त्यांचा कागद आणि डिंक. अख्ख्या राजुरीत मला कॉम्पिटिशन नाही. पुण्याच्या तिकीट-प्रदर्शनात परीक्षक व्हायचंच.

५ नोव्हेंबर
नारायणगावहून कॅटलॉगच्या पानांची झेरॉक्स आणली. १८५० ची पहिली तिकिटं हाताने बनवलेल्या कागदावर. कुठे जाड, कुठे पातळ. नंतरची मशीनच्या कागदावर, एकसारखी. मागे मूळचा डिंक असेल तर फारच दुर्मिळ. एवढंच तर आहे! लोक उगाच यात आयुष्य घालवतात.

९ नोव्हेंबर
मेंढरंवाल्या हौशीरामने आज पत्र्याच्या डबीतून एक तिकीट काढलं. ऑस्ट्रियाचं, न वापरलेलं, मागे डिंक शाबूत! त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात इटलीला होता, तिथल्या एका म्हातारीने दिलेलं. बापाने मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. हौशीराम म्हणाला, मास्तर, तुमीच बघा, दुसऱ्या कुनाच्या हातात न्हाई देनार. विश्वास असावा तर असा. आठ दिवसांत लेखी सर्टिफिकेट देतो म्हणालो.

१२ नोव्हेंबर, दुपारी ३
डिंकाच्या थरामुळे कागद जाड की पातळ, कळेना. सायंटिफिक पद्धतीने जायचं ठरवलं. कोमट पाणी, पाच मिनिटं.

दुपारी ४
कागद हाताचाच! उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसतं. काय नजर आहे माझी.
डिंक मात्र गेला.

१३ नोव्हेंबर
झेरॉक्सचं पुढचं पान आणलं. पहिलीच ओळ: न वापरलेलं तिकीट पाण्यात घालू नये. हे पान आधी द्यायला काय झालं होतं? झेरॉक्सवाल्याने दगा दिला. त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

१५ नोव्हेंबर
डिंक म्हणजे शेवटी झाडाचा चीक. ऑस्ट्रियाचं झाड काय नि आपल्या आहुप्याच्या जंगलातलं काय. बायकोने लाडवांसाठी आहुप्याहून डिंक विकायला येणाऱ्या गजराबाईकडून धावड्याचा डिंक घेतलाय. दोन खडे वाटीत भिजवले, ब्रशने लावले. झकास.
सर्टिफिकेट लिहिलं: कागद हाताचा, डिंक मूळचा. दुसरं विधान जरा मागे-पुढे. सही झोकात.
तिकीट नि सर्टिफिकेट हातात घेताना हौशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं.

२ डिसेंबर
हौशीराम तिकीट घेऊन पुण्याला गेला म्हणे. मला न सांगता! दुसऱ्याकडून तपासून घ्यायला! केसाने गळा कापला राव. जेवण गेलं नाही. आता जन्मात त्याच्याशी बोलणार नाही.

३ डिसेंबर
न बोलण्याचा पहिला दिवस. तो फिरकलाच नाही, त्यामुळे अवघड गेलं नाही.

५ डिसेंबर, संध्याकाळ
हौशीराम आला. बोलावं लागलं.
गेला होता तो प्रदर्शनवाल्यांना माझं सर्टिफिकेट दाखवायला. आमच्या मास्तरला परीक्षक करा, असं सांगायला! तिथला तज्ज्ञ म्हणाला, कागद अस्सल, पण डिंक ताजा, आपला खायचा. हौशीराम त्याच्याशी कडाकडा भांडला. लई बोललो त्याला, म्हणाला, आमच्या मास्तरची सही खोटी नसती. आता मी त्या माणसाला खरमरीत पत्र लिहावं, एवढंच त्याचं म्हणणं.
मला धड त्याच्याकडे बघवेना. तरी पेन काढलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. अहो, म्हणाली, तुम्ही माझ्या वाटीत भिजवलात तोच ना डिंक? घरातच फितुरी!
हौशीरामने डबीतून तिकीट काढून मागची बाजू बघितली. मी म्हणालो, कागद तर बरोबर ओळखला होता की रे. तो उठला. तिकीट टेबलावर ठेवलं. ऱ्हाऊ द्या मास्तर तुमच्याकडंच, म्हणाला, म्हाताऱ्यानं जपलेलं व्हतं ते तर धुऊन गेलं.
चहा तसाच राहिला.

६ डिसेंबर
तिकीट परत द्यायला सकाळीच गेलो. मेंढरं घेऊन तो पहाटेच निघालाय, कुठे ते घरचे सांगेनात.
माझ्याकडचं हे सगळ्यात जुनं तिकीट. दाखवायला हौशीरामशिवाय माणूस नाही.