मिस्टर पाक यांचा थोरला भाऊ

८ जानेवारी, सकाळ
बीपी १४६. कारण मिस्टर पाक. महिनाभर रोज संध्याकाळी अमिरातीतल्या फुजैऱ्याच्या समुद्रावर आम्ही एकाच बाकावर बसतो. तो कोरियाचा, मी कोपरगावचा. त्याचा मुलगा माझ्या मुलाच्या, देवदत्तच्याच तेलाच्या टर्मिनलवर कामाला. इंग्रजी दोघांचंही सारखंच कच्चं, त्यामुळे छान जमतं. पण माझे शेंगदाणे न विचारता खातो. हसताना मांडीवर थाप मारतो. माझ्या. इथे माझ्याशी बोलणारा तो एकटाच, म्हणून चालवून घेतो. तरी मोठ्या माणसाच्या मांडीवर?

९ जानेवारी
नात पर्णिका कोरियन सिरियल बघते. तिला विचारलं. म्हणाली, तिकडे पुरुषाने मोठ्या पुरुषाला ह्यंग म्हणायचं, म्हणजे दादा. जास्त मान द्यायचा तर ह्यंगनिम. आधी वय विचारतात, मग नातं ठरतं. किती सुसंस्कृत लोक! धाकटा भाऊ गेल्यापासून मला कोणी दादा म्हटलेलं नाही. ठराव : पाककडून ह्यंगनिम म्हणवून घेणे. ‘आजोबा, इट्स नॉट अ कॉम्पिटिशन,’ पर्णिका म्हणाली. लहान आहे.

१० जानेवारी
शब्दाचा सराव, वीस वेळा. म्हणायचाय त्याला, पण चुकला तर सुधारता यायला हवा.

११ जानेवारी
वय विचारलं. त्याने आयडी काढलं : मार्च १९५४. मी माझं दाखवलं : १ जून १९५३. (खरा जन्म पंचावन्नच्या दिवाळीतला. घरी धुमाकूळ घालतो म्हणून आईने लवकर शाळेत टाकलं, गुरुजींनी वय वाढवून लिहिलं. वर्गात एकवीस जणांचा वाढदिवस १ जूनच. सरकारने मानलंय, मी सातवी शिकलेला, नाही म्हणणारा कोण?) पाक ताडकन उठला, कमरेत वाकला. ह्यंगनिम! खलास. बीपी १२८.

१४ जानेवारी
मी बसल्याशिवाय बसत नाही. शेंगदाणे माझ्यानंतर, दोन्ही हातांनी, सात-आठच. सुनेला सांगितलं, मान हा असा असतो. शर्वाणी म्हणाली, बाबा, पोळी गार होतेय.

१८ जानेवारी
माझा नेहमीचा बकरीचा किस्सा सांगितला. यावर पाक पूर्वी हसून लोळायचा. आज मान हलवून ‘येस, ह्यंगनिम’. मांडी बरी आहे. शेंगदाणे उरतात.

२१ जानेवारी
पाक लांबच्या बाकावर, पाय पसरून. मला पाहताच पाय आवरले, उठून वाकला. पर्णिका म्हणते, मोठ्यांसमोर सारखं अवघडून बसायचं म्हणजे माणूस थकतो, आजोबा. ठराव : उद्या खरं सांगणे.

२२ जानेवारी
वारा फार होता.

२३ जानेवारी
सरकारी कागदाला खोटं पाडणं बरं की वाईट, याचा विचार केला. पाक आलाच नाही. बीपी १५२.

२४ जानेवारी
पर्णिकाला घेऊन गेलो, फोनवर भाषांतरासाठी. आई, गुरुजी, दिवाळी, सगळं सांगितलं. पाकने बोटांवर महिने मोजले. दोनदा. मग असा हसला की दोन मासेमार वळून बघू लागले. मांडीवर थाप. मग त्याचा चहाचा थर्मास माझ्या हातात दिला आणि कप पुढे केला. ‘बोथ हँड्स, आजोबा,’ पर्णिका म्हणाली.

२५ जानेवारी
बीपी १४६. थर्मास मी नेतो. तो बसल्यावर बसतो. शेंगदाणे माझे, पहिली मूठ त्याची. वीस महिन्यांनी मोठा, तर केवढा तोरा! ह्यंगनिमचा उच्चार मात्र मला फार छान जमतो, असं तोच म्हणाला. सराव होताच.