साखर उतरेपर्यंत

१२ नोव्हेंबर
साखर निघाली! तीन महिन्यांची सरासरी साडेआठ. वाशीमचे डॉक्टर म्हणाले, "दिवसभर शिलाई मशीनवर बसता. गोळी घ्या आणि रोज अर्धा तास झपाझप चाला. फेब्रुवारीत पुन्हा तपासू. नाही उतरली तर इन्सुलिन." आईला शेवटी तेच टोचत होतो आम्ही. मला सुई नको.

१३ नोव्हेंबर
मेडशीतून मालेगावच्या रस्त्याने निघाले. वीस मिनिटांत तीन गाड्या थांबल्या. "बसा वहिनी, कुठी चाल्ल्या?" कुठेच नाही म्हटलं. जीपवाला हसला नाही. नुसता बघत राहिला.

१४ नोव्हेंबर
सकाळीच भाऊ दारात! प्रसेनजित, किन्हीराजाहून मोटारसायकलवर, अर्धी दाढी केलेली. कुणीतरी त्याला फोन केला — तुझी बहीण घर सोडून पायीच माहेरी निघाली. हे घरात नव्हते, तरी मला आड नेऊन म्हणतो, "ताई, खरं सांग. भाऊजी मारतेत काय?"
"अरे बाबा, साखर आहे मला!" मी हसत सुटले. जाताना हळूच म्हणाला, "तुयी खोली हाये तशीच हाये."
तो गेला आणि मी रडले. का? मला कुणी मारत नाही. काही कमी नाही. मग कशाचं रडू?

१५ नोव्हेंबर
हे चिडले. "गावात माही इज्जत काय राह्यली? आंगनात फिर ना!" फिरले. बारा पावलं, दोरीवरचे कपडे, वळा, बारा पावलं. गरगरलं. शेवटी इन्सुलिनचं नाव काढलं तेव्हा नरमले — "साखर उतरेपर्यंत जाय रस्त्यानं. उतरली का बंद."

२० नोव्हेंबर
तोडगा सासूबाईंनी काढला. "रिकाम्या हातानं बाई जाऊन राह्यली, तं लोक इचारनच. इळा घे हातात." वर टोमणा — "आमी जल्मभर वावरात वाकलो. त्याले कोनी व्यायाम नाही म्हटलं!"
विळा घेतला. एक गाडी थांबली नाही!

८ डिसेंबर
दम लागत नाही. गुडघा कुरकुरत नाही. दुपारी मशीनवर पेंग येत नाही. हे सगळं पायांमुळे, की त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही म्हणून? डॉक्टरांना कसं विचारू?

२ जानेवारी
विळा घरीच राहिला. जीप थांबली. "माहेरी काय वो, वहिनी?" — आणि माझ्या ओठावर 'हो' आलं होतं! घाबरून परत फिरले.
हे वाईट नाहीत. मागच्या आठवड्यात बूट आणले माझ्यासाठी, नंबर न विचारता. बरोबर बसले. मग ते 'हो' कुठून आलं?

२६ जानेवारी
झेंडावंदनाच्या गडबडीत चालणं राहिलं. दिवसभर सगळ्यांवर खेकसले.

९ फेब्रुवारी
सहा पूर्णांक चार! डॉक्टर खूश. बसमध्ये कागद चार वेळा काढून पाहिला. घर आलं तेव्हा घडी करून ब्लाउजच्या आत सारला.
हे दारातच उभे. "काय म्हने डाक्टर? उतरली?"
"नाही," मी म्हटलं. "अजून चालावं लागेल."