मापाचा माणूस

३ मार्च, सकाळी
शेवटी सरकारला जाग आली. अंतराळात माणूस पाठवण्याच्या कामात ज्यांनी 'प्रत्यक्ष शरीराने' योगदान दिलं, त्यांचा सन्मान होणार. पदक, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते. बातमी पेपरात आतल्या पानावर, पण असो.
शरीराने म्हणजे कोणाच्या? सगळे हिरोचं नाव घेतील. हिरो म्हणजे आमचा तो अंतराळवीर. वर्षभर परदेशात ट्रेनिंग करत होता. इथे स्पेससूट कोणाच्या अंगावर बेतला? माझ्या. कारण उंची, खांदे, कंबर सगळं सेम. यानातली सीट कोणाच्या पाठीवरून काढली? ओल्या प्लास्टरमध्ये बसून राहिलो मी. कंबर धरली ती माझी. हा नुसता आला आणि आयत्या सीटवर आडवा झाला. वर गेल्यावर उलट्या केल्या, ते कोणी छापत नाही.
पदक मलाच. स्टेजवर फिट दिसलं पाहिजे. आजपासून साखर बंद.

३ मार्च, दुपारी
ऑफिसात एकाचा वाढदिवस होता. केक नाकारणं असभ्यपणाचं दिसलं असतं. उद्यापासून बंद.

६ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, २८ला समारंभ आहे, कोट शिवायचाय, उद्या जाऊन शिंप्याकडे माप द्या.
मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. साहेब पुढेही बोलत होते, हिरो दौऱ्यावर आहे वगैरे. त्या माणसाचा विषय निघाला की माझे कान आपोआप बंद होतात.

७ मार्च
शिंप्याने टेप कमरेभोवती फिरवला, जुनं माप बघितलं, पुन्हा टेप फिरवला. मी म्हटलं, तुमचा टेप आखडलाय. तो म्हणाला, असेल. मग विचारलं, साहेब, कोट जुन्या मापाने शिवू की आजच्या? मी ठणकावून सांगितलं, आजच्या. सन्मान आजच्या माणसाचा होतोय. शिवाय पोटाशी जरा सैल ठेवायला सांगितलं, श्वास घेताना रुबाब दिसतो.
शिंपी चांगला आहे, पण दृष्टी नाही.

९ मार्च
हिला सांगितलं. हिने विचारलं, पदक तुम्हालाच असं साहेब तोंडाने म्हणाले का? बायकोला कल्पनाशक्ती नसली की असं होतं.
सासूबाईंना फोन मीच केला. लग्न झाल्यापासून त्या पाहुण्यांना माझी ओळख 'हे दुसऱ्यांचे कपडे घालून बघतात' अशी करून देतात. साडू दातांचा डॉक्टर आहे, त्याची ओळख मात्र सविस्तर. आता बघू. सासूबाईंनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, आम्ही सगळे येतो.
हे 'आम्ही सगळे' कानाला फार गोड लागलं. त्यात साडूही आला.

१४ मार्च
व्यायाम. जिने चढून ऑफिसला जायचं ठरवलं. पण खाली लिफ्ट उघडी उभी होती आणि आत कोणी नव्हतं. सरकारी वीज फुकट घालवणं तत्त्वात बसत नाही.
भाषण तयार. त्यात हिरोसाठी एक वाक्य ठेवलंय: 'इतरांचेही सहकार्य लाभले.' जरा जास्तच झालं का? राहू दे. मोठेपणा दाखवावा.

१९ मार्च
सेक्शनमध्ये बातमी फोडली. सगळे एकमेकांकडे बघून हसले. स्टोअरवाला म्हणाला, मग पार्टी पाहिजे. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता, पण मी मुळातच वर असल्याने चढायचा प्रश्न आला नाही. पार्टी दिली. माझ्याच पार्टीत मी उपाशी कसा राहणार?
शिंप्याकडे ट्रायल. कोट पोटावर किंचित ओढत होता. उसवून आणखी सैल करून घेतला.

२६ मार्च
सभागृहात रंगीत तालीम. समारंभाचं बघणाऱ्या बाईंनी मला कोट घालून खुणेवर उभं केलं, चालवलं, वाकवलं. राष्ट्राध्यक्षांच्या जागी एक क्लार्क होता. त्याने माझ्या छातीवर पुठ्ठ्याची चकती लावली. खरं पदक तिजोरीत असणार.
माझ्या खुर्चीवर हिरोच्या नावाचं कार्ड. सरकारी गोंधळ, दुसरं काय! बाईंच्या लक्षात आणून दिलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही फार खेळीमेळीचे आहात. कोट तिथेच ठेवून घेतला. इस्त्री करणार असतील.

२८ मार्च, सकाळी
न्यायला गाडी आली नाही. सासूबाई पहाटेपासून नवीन चप्पल घालून सोफ्यावर बसल्यात. साडू सारखा घड्याळ बघतोय. शेवटी त्याच्याच गाडीतून निघतोय. आजच्यापुरता त्याला ड्रायव्हर समजेन.

२९ मार्च
काल लिहवलं नाही.
गेटवर पास मागितला. माझ्याकडे पास नव्हता. ज्याला पदक मिळणार त्याला पास कशाला? साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, तुमचं काम परवाच संपलं, तुम्ही आज कशाला आलात? मी 'हो, हो, थँक यू' म्हणत फोन ठेवला. सासूबाई शेजारीच होत्या. तालमीतल्या बाईंनी ओळखलं म्हणून मागच्या रांगेत, कॅमेरावाल्यांच्या मागे बसायला मिळालं. साडूने पाण्याची बाटली पुढे केली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
हिरो स्टेजवर आला. माझा कोट घालून.
खांदे बरोबर होते. खाली मात्र त्या कोटात हिरो आणि आणखी एक सहप्रवासी आरामात मावला असता. राष्ट्राध्यक्षांनी पदक लावलं तसं कापड झुकलं आणि पदक छातीवरून घसरून पोटाशी लोंबकळू लागलं. सभागृह हसू दाबत होतं. हिरो एका हाताने पदक आणि दुसऱ्याने कोट धरून म्हणाला, अंतराळात जाऊन बारीक झालो हो! टाळ्याच टाळ्या. त्यातही भाव तोच खाऊन गेला.
सासूबाईंनी विचारलं, शिंप्याने कोणाचं माप घेतलं होतं हो?
मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ही शांतपणे म्हणाली, ह्यांचं.
सासूबाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं, स्टेजकडे बघितलं आणि मान डोलावली. म्हणाल्या, बरोबर आहे.
मला वाईट वाटलं. हिरोचा राग वगैरे सगळा बाजूला राहिला, नुसतं वाईट वाटलं.

३१ मार्च
साहेबांनी कोट घरी पाठवून दिला. हिरोने परत केला म्हणे, आणि इतर कोणालाही होत नाही, तुम्हीच ठेवा.
आरशासमोर घालून बघितला. चपखल बसतो. छातीवर पदकाच्या पिनेची दोन भोकं आहेत. ही म्हणाली, रफू करून देते. मी नको म्हटलं. तिने आग्रह केला नाही.
उद्यापासून साखर बंद, असं लिहिणार होतो. पण मग हा कोट मलाही सैल होईल.