हेडसरांचं मनगट

तलासरी, मंगळवार संध्याकाळ

तो कट् आवाज कानातून जात नाही.

नववीवर माझा विज्ञानाचा तास चालू होता. हेडसर आत आले, सुनीताला प्रश्न विचारला. तिने घरच्या वारली बोलीत उत्तर दिलं म्हणून तिच्या तळव्यांवर लाकडी पट्टीने मारायला लागले. उत्तर बरोबर होतं. तीन फटके मी फळ्यापाशी उभी राहून नुसते बघितले. का बघितले? चौथ्याला हात वर गेला तेव्हा त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. चिंचणीच्या बाजारात अकरा वर्षं मासे कापलेत मी. सुरमईचं डोकं कुठे वळवलं की सुटतं, ते हाताला पाठ आहे. तसंच वळवलं. कट्. सर खालीच बसले.

"शेवटी मासे कापणारीच तुम्ही," कण्हत म्हणाले. "बी.एड. करून काय उपयोग?"

चाळिशीत मिळालेली नोकरी उद्या राहील का? पण खरं लिहायचं तर, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. फार बरं. तेच छळतंय.

शाळा सुटल्यावर सुनीता आली. सात महिने ही मुलगी माझ्या तासाला मान खाली घालून बसली, स्वतःहून एक प्रश्न विचारला नाही. सुजलेले तळवे काखेत धरून म्हणाली, "मॅडम, ते कसं केलं? मला शिकवा ना."

मी वर्गाचं दार लोटलं. माझं मनगट तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "अंगठा इथे ठेव."