गुणी बाळाचं बक्षीस

आप्पा, तुम्ही गेल्यापासून तुमच्या दुकानातली सायकलची घंटी माझ्याकडेच होती. वरच्या वाटीचं निकेल उडालंय, पण खटका दाबला की पहिल्यासारखीच खणखणते. ती मी अंगणवाडीत न्यायची, माझ्या पिशवीत डब्याशेजारी असायची. गेल्या सोमवारी तिच्यापायी जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे.

तीन वर्षांची होईपर्यंत मी बोलत नव्हते, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. आई कामाला जायची म्हणून तुम्ही मला पुणे रोडच्या दुकानात, पंक्चरच्या घमेल्याशेजारी पोत्यावर बसवायचात. गिऱ्हाइकं म्हणायची, "पोरगी लई गुणी हाय हो, आवाज न्हाई तिचा." तुम्ही त्यावर कधी हसला नाहीत. माझ्या पाठीमागे उभं राहून घंटी वाजवायचात आणि मी वळून पाहिलं की पुन्हा चाकाला हात घालायचात. ऐकू येतंय ही खात्री झाल्यावर मात्र तुम्ही मला सोडलं नाही. मला पान्हा हवा असायचा, मी बोट दाखवायची, आणि तुम्ही तो हातात धरून म्हणायचात, "नाव सांग त्याचं, मग देतो." गिऱ्हाईक खोळंबायचं, चिडायचं, पण पान्हा काही तुमच्या हातातून सुटायचा नाही. पान्हा, छर्रे, वॉशर, ट्यूब. माझी पहिली शाळा तीच.

आता मी केडगावच्या मागच्या पत्र्याच्या वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. गटार उघडंच आहे, त्याच्या कडेला मुलं बसतात, तिथंच चहात बुडवलेली खारी खातात. बाया पहाटे कांदे निवडायला जातात आणि लहानांना त्यांच्याहून जरा मोठ्यांच्या ताब्यात देतात. अशा घरात रडणारं मूल कुणाला परवडत नाही. जे मूल ठेवलं तिथं बसतं त्याचं सगळी वस्ती कौतुक करते. अशीच एक मुलगी आहे, तिसरं वर्ष लागलेली, अंगानं दीड वर्षाची वाटणारी. दंड माझ्या अंगठ्यात आणि बोटात मावतो. एक शब्द बोलत नाही. तिच्या आईच्या मागे लागून लागून मी तिला कबूल करून घेतलं होतं की सोमवारी खाडा करायचा आणि पोरीला सिव्हिलला दाखवायचं.

त्याआधी शनिवारी वस्तीत सुदृढ बालक स्पर्धा झाली. मांडव, हार, खुर्च्यांना पांढरी कापडं, आणि गटारावर पावडर, तीही फक्त पाहुणे चालणार होते तेवढ्याच भागात. स्पीकर कर्कश आवाजात किंचाळला आणि सगळी मुलं एकदम रडायला लागली. प्रमुख पाहुण्यांना मांडीवर मूल घेऊन फोटो हवा होता आणि एकही मूल मांडीवर टिकेना. ही मुलगी स्पीकरच्या अगदी खाली बसली होती, दचकलीसुद्धा नव्हती. त्यांनी तिला उचललं. "वा, हे बघा आपलं सगळ्यात गुणी बाळ. हिला एक जादा बक्षीस द्या." त्यांनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. तिला तो नीट गिळता येईना, लाळेबरोबर हनुवटीवर ओघळला, तर त्यांनी बोट तिच्याच झग्याला पुसलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. आमच्या मुख्यसेविका बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तोंड नीट कर गं, फोटोत तूपण दिसतीयेस." त्या फोटोत मी टाळ्या वाजवते आहे.

सोमवारी मी सकाळीच तिच्या दारात गेले. बक्षिसाचा स्टीलचा डबा फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी मांडला होता, हारासकट. हार कुजून वास मारत होता. तिची आई कामाला निघाली होती. "ताई, एवढ्या पोरांत हिला बक्षीस भेटलंय, आन् तुमी दवाखाना दवाखाना करताय. मोठ्या मान्सानं गुणी म्हनलंय तिला. तुमच्या पोटात का दुखतंय?" मी वजनाचं सांगितलं, शब्दांचं सांगितलं. ती चपला घालत होती.

मग मी घंटी काढली. मुलगी आमच्याकडे पाठ करून जमिनीवरची कांद्याची सालं चिवडत होती. मी तिच्यामागे उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी, आणि खटका दाबला. बाहेरचं कुत्रं भुंकलं. शेजारीण डोकावून म्हणाली, "कुल्फीवाला आला का काय?" मुलगी सालं चिवडत राहिली.

तिची आई दारातच थांबली. माझ्या हातातून घंटी घेऊन ती लेकीच्या कानाजवळ बसली आणि वाजवत राहिली. मग तिला नावानं हाक मारायला लागली, आधी हळू, मग मोठ्यानं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे मी आजवर बोल्ले ते..." चपला काढून तिनं मुलीचा झगा बदलला. आम्ही रिक्षानं गेलो. कानाची तपासणी व्हायची आहे, आहाराचंही पाहणार आहेत. घंटी अजून तिच्या आईकडेच आहे, ती रोज वाजवून बघते म्हणे. परत मागायला माझी जीभ रेटत नाही.

त्या पाहुण्यांची, त्या बोटाची, त्या कुजक्या हाराची किळस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पण आप्पा, हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. घंटी वाजली आणि मुलगी वळली नाही, तेव्हा तिच्या आईचा चेहरा उतरायच्या आत मला क्षणभर बरं वाटलं होतं. माझंच खरं निघालं म्हणून. मागे उभं राहून घंटी वाजवताना तुम्हाला मात्र मी वळायलाच हवी असायची. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगता आलं.