दोन कंट्रोलर, एक खेळाडू

३ नोव्हेंबर, सोमवार

धाकटा भाऊ आज पुन्हा जेवेना. शेवटी आई मला म्हणाली, "तू जरा बाहेर जा बघू." गेलो. जेवला! स्वतःच्या घरात मी आता ताटावरची माशी. हाकलली की बाकीचे सुखाने जेवतात.

४ नोव्हेंबर

धाकट्याचा व्यायाम घ्यायला बाई येतात. आज म्हणाल्या, डाव्या हाताला काम द्या, नुसतं छताकडे बघत पडू देऊ नका. आधी काय आवडायचं त्यांना? आई म्हणाली, "कंप्युटरवरची मारामारी. दुसरं काय!"

खरंय. पण कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एका हाताने? बोंबला. म्हटलं, मी कंट्रोलर आणतो. धाकट्याने ऐकलं आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

आई विचारते, "नक्की कशावरून बिनसलंय तुमचं?" तो सांगत नाही. मी तर नाहीच नाही.

इथे लिहितो. इथे कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. आमच्या छापखान्यातल्या कटिंग मशीनला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही. हात पात्याखाली राहू नये म्हणूनच ती सोय. त्या दिवशी कागदाचे गठ्ठे साचले होते. मी एका बटणावर चिकटपट्टी मारली आणि एका हाताने भराभर उरकलं. पाळी संपली. पट्टी काढायची राहिली. पुढची पाळी धाकट्याची.

उजव्या हाताची चार बोटं.

मालकांनी विचारलं, पट्टी कोणी लावली? मी म्हणालो, माझ्या पाळीत नव्हती. झालं! हलगर्जीपणा त्याचा ठरला. नोकरी गेली, भरपाईही गेली. माझ्या उत्तरासकट मालकांचं पत्र त्याने दवाखान्यातच वाचलं. तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. मी मात्र रोज डबा घेऊन कामावर जातो. लाज कशी वाटत नाही मला? वाटते. तरी जातो.

६ नोव्हेंबर

दुकानदार फार बोलका. केबलचा की बिनकेबलचा? रेसिंगला की मारामारीला? मी विचारलं, एका हाताने चालेल असा आहे का? तर हसतो कसा — "का हो, दुसऱ्या हाताने चहा पिणार का?" सांगितलं कारण. मग आतून एक खोका आणला. या कंट्रोलरला पाठीमागेही बटणं आहेत. धरल्याधरल्या खालच्या बोटांनी दाबायची, आणि कुठल्या बटणाने काय व्हावं ते आपण ठरवायचं.

म्हणाला, "पण हे अंगवळणी पडायला वेळ लागेल. तोवर एक साधाही न्या. दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवायची सोय असते. निम्मं ते करतील, निम्मं तुम्ही." भला माणूस निघाला. दोन्ही घेतले.

७ नोव्हेंबर

भला कसला! तासभर झटापट, कंप्युटरला कंट्रोलर दिसेचना. पोर्ट बदलून पाहिले, कंप्युटर बंद-चालू केला, देवाचं नाव घेतलं. शेवटी कळलं — दिलेली केबल नुसती चार्जिंगची! दुसरी लावली. तर खेळाडू आपला आपणच डावीकडे चालत खड्ड्यात. कंट्रोलरवरच्या चालवायच्या काठीला कोणी हातही लावलेला नाही! मग सेटिंगमध्ये जाऊन काठी थोडी हलली तर मोजू नको, असं ठरवून दिलं. दोन्ही कंट्रोलर जोडले. चालणं-वळणं त्याच्याकडे, उडी आणि वार माझ्याकडे.

"झालं बघ," म्हणालो. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

९ नोव्हेंबर

दुपारी दाराबाहेरून टकटक ऐकू आली. बटणांची! आत गेलो. थांबली.

१० नोव्हेंबर

"बस."

मला म्हणाला! अडीच महिन्यांनी. कंट्रोलर उशीवर टेकवून डाव्या हातात धरला होता. मी माझा घेतला. तो चालवतो, मी उडी मारतो. "उडी!" म्हणाला की दाबायचं. पहिला पूल पार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मेलो.

१२ नोव्हेंबर

रोज कामावरून आलो की खेळ. आज अकरा वेळा मेलो. अकराही वेळा माझ्यामुळे, असं तो म्हणतो.

१५ नोव्हेंबर

"आंधळा आहेस का? उडी म्हटलं ना!" सगळी चाळ ऐकेल असा ओरडला. आई दारातून म्हणते, "अरे, एवढं साधं बटण दाबता येत नाही तुला?"

दाबलं होतं! वेळेवर दाबलं होतं. शपथ घेऊन सांगतो. तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कुठल्या तोंडाने? "माझंच चुकलं," म्हणालो. तो म्हणाला, "तुझंच चुकतं. नेहमी." आणि परत सुरू.

१६ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आता आईने व्यायामाच्या बाईंनाही सांगितलं — मोठ्याचं लक्ष नसतं, म्हणून बिचारा हरतो. बाई माझ्याकडे बघून हसल्या. फुकटचं पाप माझ्या माथी! अंगठा दुखेपर्यंत दाबतोय मी.

१८ नोव्हेंबर

तो अंघोळीला गेला तेव्हा सेटिंग उघडलं. म्हटलं, माझं बटण उशिरा पोचतं का ते बघू. दोन कंट्रोलर जोडायची सोय बंद आहे. उडी आणि वार दोन्ही त्याच्या कंट्रोलरच्या पाठीमागच्या बटणांवर. माझ्या हातात नुसता दिवा लागलेलं प्लास्टिक.

तो आला तेव्हा विचारलं, कधीपासून?

"खेळाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"म्हणजे चुकत तू होतास. मग एवढे दिवस माझ्या नावाने का ओरडलास?"

ओला टॉवेल खांद्यावर, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "कसं वाटलं, दादा?"

"वाईट," म्हणालो. पट्टी मी लावली होती, हेही म्हणालो.

"मला माहितीये. मला काय सांगतोस?"

मालक सातपर्यंत ऑफिसात असतात. निघतोय.