चुन्याचा उजेड

लंडन, ४ मार्च १८८६

ती. बाबांस,
हेस्टरचा शि. सा. न. वि. वि.

मला मोलकरणीचं काम मिळालं आहे, दोन वाक्यांचं. पुढच्या शनिवारी नाटकाला याच. डॉक्टर डोळ्यांबद्दल काय म्हणाले ते आत्यानं कळवलं. रडून झालं माझं. अंधूक उजेडातलं तुम्हाला आता दिसत नाही म्हणे, आणि मी उभी कोपऱ्यात. मोठा दिवा आता तुमच्या जागी जेबेझकाकाच चालवतात. माझ्या दोन वाक्यांपुरता तो माझ्यावर वळवा, असं त्यांना लिहाल का? परवा पेपरात एका मंत्र्याला ‘लाइमलाइटमधला माणूस’ म्हटलं होतं. लाइम म्हणजे चुना, तो त्यात कुठून आला, असं इथल्या मुली विचारतात.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
हेस्टर

मार्गेट, ८ मार्च

चि. हेस्टर हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर आत्याचं, बोलणं माझं. मंत्र्याला म्हणावं, एकदा वर दिव्यापाशी चढून बघ. कळीच्या चुन्याच्या गोळ्यावर दोन वायूंची ज्योत सोडायची. तो तापून पांढराफटक होतो. तोच लाइमलाइट. गोळा हातानं सारखा फिरवायचा, नाहीतर ज्योत त्याला भोक पाडते. जन्मभर त्याच्याकडे बघत बसलो, डोळे गेले यात नवल नाही.

जेबेझला मी लिहिणार नाही. तो उजेड क्रूडसनसाहेबांचा. मंडळी त्यांची, मुख्य काम त्यांचं. दुसऱ्यावर वळवला की दिवेवाला घरी बसला. तुझी आई कोरसमध्ये होती तेव्हाही मी कधी वळवला नाही. त्यापायी तिनं माझ्याशी कितीदा अबोला धरला. मी येतो. तुझा आवाज ऐकला तरी पुरे.

म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.
बाबा

लंडन, १५ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

शनिवारी तुम्हाला भेटायला आले नाही, कारण आत साहेब मला फैलावर घेत होते. जेबेझकाकांना मी अवाक्षर बोलले नव्हते. दिवा होता तिथेच होता. मीच कोपरा सोडून साहेबांशेजारी उजेडात गेले आणि दोन्ही वाक्यं तिथे म्हटली. साहेब म्हणाले, “पोरी, इथे माझ्याशिवाय कुणी उभं राहत नाही.” मला काढून टाकलं. दुसरीकडे बघते आहे, काळजी नको. एवढंच कळवा, दिसले का मी?

आत्याला नमस्कार, तुमची माया असू द्या.
हेस्टर

मार्गेट, १७ मार्च

चि. हेस्टर हिस आशीर्वाद.

दिसलीस. कपाळ, नाक, आईसारखी पुढे काढलेली हनुवटी, सगळं. नोकरी घालवलीस हे काही शहाणपणाचं नव्हे, आणि भेटलीस की तसं ऐकवणारच आहे. पण बघण्याच्या नादात तू काय बोललीस ते ऐकायचंच राहिलं. ती दोन वाक्यं लिहून पाठव. आत्या वाचून दाखवेल.

बाबा